आधी घरात

पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचं पांडाज नावाचं पॅकेज टाकायला गेलं, की कॉम्प्युटर म्हणायचा, "ते आधीच आहे." प्रोग्रॅम चालवला, की तोच म्हणायचा, "पांडाजमध्ये असलं काही नाही." मी ते काढलं, परत टाकलं, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. पाढा तोच. नोकरीसाठी दिलेलं काम संध्याकाळपर्यंत पाठवायचं होतं आणि माझं डोकं पार चक्रावलं होतं. याच कामात केस पिकवलेला दादा पाण्याच्या निमित्ताने दोनदा माझ्या पाठीमागून गेला. पण आमचा अबोला होता, आणि आधी बोलेल तो हरला.

शेवटी प्रोग्रॅमर लोकांच्या एका फोरमवर प्रश्न टाकला. एकाने सांगितलं, पायथॉन बदला. दुसऱ्याने सांगितलं, कॉम्प्युटरच बदला. तिसरं उत्तर 'घुबड' नावाच्या कुणाचं तरी होतं.

"सरावाच्या फाइललाही तू पांडाज हेच नाव दिलंयस. पायथॉन आधी घरात, म्हणजे प्रोग्रॅमच्याच फोल्डरमध्ये, बघतो. तिथे त्या नावाचं काही मिळालं, की बाहेर शोधतच नाही. फाइलचं नाव बदल. आणि चहा गारढोण झालाय, तो पिऊन टाक."

नाव बदललं. प्रोग्रॅम मुकाट चालला. पण माझ्या फाइलींची नावं मी फोरमवर टाकलीच नव्हती, आणि चहाचा कप तर माझ्या कोपराशी होता.

"आपण कोण?" मी गोंधळून लिहिलं आणि पाठवलं.

समोर सोफ्यावर पडलेल्या दादाचा मोबाइल वाजला.