सोमवारची वाटाघाट

"आज सोमवार!" सुहासिनीबाईंनी कपाळावर हात मारला. "बैठक नेमकी आज ठेवलीत, श्यामकांत?"

सचिव श्यामकांत पांढरा पडला. सुहासिनीबाईंचे यजमान, मंत्री चारुदत्त, सोमवारी मौन पाळत. तुरुंगात धरलेलं व्रत मंत्रिपदातही सुटलं नव्हतं. त्याची भरपाई ते बाकीच्या दिवशी करत. आणि दिल्लीने त्यांना कलकत्त्याला धाडलं होतं, ते दोन गल्ल्यांना बोलतं करायला.

दंगलीनंतर सियालदहच्या घाऊक बाजारात, रस्त्याच्या मधोमध, दोन्ही गल्ल्यांनी वाट अडवायला बांबू रोवले होते. संध्याकाळपर्यंत ते निघाले नाहीत तर पुन्हा आगी लागणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. चारुदत्तांनी तरी पोलीस परत पाठवले. अहिंसेवर त्यांचा पूर्ण विश्वास होता. पोलिसांचा तेवढा नव्हता, पण ते गेले.

शाळेच्या वर्गात बैठक भरली. बांबूंच्या अलीकडचे हाराधनबाबू, बटाट्यांचे व्यापारी. पलीकडचे नासिरमियाँ, अंड्यांचे. दोघे एकमेकांकडे पाठ करून बसले आणि मंत्री काय बोलतात याची वाट पाहू लागले. मंत्री छताकडे बघत पाय हलवत होते. बाहेर कुठेतरी बंब घणघणत गेला.

"हे बोलत का नाहीत?" नासिरमियाँनी अखेर भिंतीला विचारलं.

"तुम्ही कान भरले असणार," हाराधनबाबू फळ्याला म्हणाले.

"कधी भरणार? तुमच्या बांबूंमुळे स्टेशनाला वळसा घालून आत्ता पोचतोय!" नासिरमियाँ गर्रकन वळले. "माझी अंडी सडतायत तिकडे!"

"आणि माझे बटाटे?"

"मग काढा ना बांबू!"

"आधी तुम्ही!" हाराधनबाबूंनी उठून त्यांची गळपट्टीच धरली. "आम्ही काढायचे आणि तुमच्या पोरांनी दगड मारायचे?"

"माझी पोरं मी घरात कोंडतो!" नासिरमियाँनी त्यांचं मनगट पकडलं. "तुमची?"

"माझीही कोंडतो! बोला, कधी?"

चारुदत्तांना फक्त गळपट्टी दिसली. ते धावत दोघांच्या मध्ये शिरले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सोमवारी त्यांच्या तोंडून शब्द फुटला.

"बंधूंनो, संवाद..."

गळपट्टी आणि मनगट न सोडता दोघंही त्यांच्याकडे वळले.

"साहेब, जरा गप्प बसा हो!" हाराधनबाबू खेकसले.

"दिसत नाही का?" नासिरमियाँ म्हणाले. "आमचं बोलणं चाललंय!"