स्वतःच्या घराचा फॉर्म

"गाठ हाताला लागली की लपवायची नाही," समाजमंदिरात जमलेल्या बायकांना वैजयंता छातीवर तीन बोटं फिरवून दाखवत होती. गावची आशाताई म्हणून अकरा वर्षं ती हेच सांगत आली होती. बाहेर मोटरसायकलपाशी तिचा नवरा थांबला होता. तासाभरात तो चौथ्यांदा भिंतीमागे जाऊन आला.

"ताई, तुमच्या मालकांना चहा जास्त झाला वाटतं," एकजण म्हणाली आणि सगळ्या हसल्या.

"वय झालंय त्यांचं," वैजयंताही हसली.

त्याची कंबर धरायची तेव्हा ती बाम चोळून द्यायची. तिला तालुक्याला मीटिंगला नेताना बसणाऱ्या गाडीच्या हादऱ्यांनी ती धरते, असं दोघं समजून चालले होते.

दिवाळीनंतर त्याला उभं राहता येईना. जिल्ह्याच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "प्रोस्टेटचा कॅन्सर आहे, मणक्यात पोचलाय. लघवीचा त्रास कधीपासून होता?"

"दोन वर्षं झाली असतील." तो खाली बघत म्हणाला, "हिच्याकडं सगळं बायकांचंच असतं. मी काय सांगणार?"

तेराव्यानंतर त्याचं नाव कमी करायला तिने घरोघरच्या तपासणीचे फॉर्म काढले. गेल्या वर्षी प्रत्येक घरी उंबऱ्यावर बसून तिने एकेक प्रश्न विचारला होता. स्वतःच्या घराचा फॉर्म तेवढा तिने तव्यावर भाकरी असताना, कुणालाही न विचारता भरून टाकला होता. नवऱ्याच्या नावापुढे तिच्याच अक्षरात होतं: तंबाखू नाही. त्रास नाही.

तेव्हा तो समोरच जेवत बसला होता.