अँड्रोमिडाचा बाप

"हनुवटी वर, हेर्र पाटणकर. तुम्ही राजे आहात," चित्रकलेच्या शिक्षिका फ्राऊ लिंडनर म्हणाल्या.

श्यामकांतांनी हनुवटी वर केली. कमरेला पूजेचं रेशमी सोवळं, उघड्या खांद्यावर उपरणं, डोक्यावर पुठ्ठ्याचा मुकुट. फ्रँकफर्टच्या या स्टुडिओत आठ-दहा विद्यार्थी जुन्या फ्रेंच अकादमीच्या पद्धतीनं ग्रीक पुराणातला प्रसंग रंगवत होते. समुद्रातल्या राक्षसाला शांत करायला राजा सीफियस पोटच्या पोरीला, अँड्रोमिडाला, खडकाशी जखडतो. चित्रांतली मुलगी रंगवून झाली होती, बाप तेवढा राहिला होता; आज दोघांना एकत्र उभं करायचं होतं. पण कॅनव्हासकडे बघायचा श्यामकांतांना धीर होत नसे. याआधी ते इथेच नावाडी झाले होते, एकदा नदीचा म्हातारा देवही.

घरी सांगत, जर्मनच्या वर्गाला जातो. निहारला, म्हणजे मुलाला, कळलं तर पुण्याचं तिकीट ठरलेलं. "बाबा, इथे आपल्याला चारचौघांत राहायचंय," हे त्याचं पालुपद. सून सुकन्याही काही कमी नव्हती. म्युझियममध्ये ते व्हीनसच्या चित्रापुढे जरा रेंगाळले, तर "बाबा, चला पुढे," म्हणून तिनं दटावलं होतं.

दार उघडलं. दारात सुकन्या.

श्यामकांतांचा हात उपरण्याकडे गेला. सुनेसमोर ते उघड्या अंगानं कधी चहालाही बसले नव्हते.

"नाइन! हलू नका!" लिंडनरबाई ओरडल्या.

सुकन्या जवळ आली. "बाबा?"

"आधी ऐकून घे," ते पुटपुटले. "दिवसभर भिंती बघून जीव विटला गं. इथे निदान कोणी माझ्याकडे बघतं तरी. म्हणशील तर आजच बंद करतो."

"सोवळं नेसून आलात?"

"ग्रीकांच्या वस्त्राला अशाच चुण्या पडतात म्हणे."

"आणि तुम्ही कोण?"

"राजा. पोरीला बांधणारा. मेला नतद्रष्ट!"

ती हसली नाही. तिनं वळून दाराकडे पाहिलं. श्यामकांतांनीही तिकडे पाहिलं.

"निहार खाली उभा आहे?"

"नाही. तो ऑफिसात."

"सुकन्या, त्याला सांगू नकोस गं. पाया पडतो तुझ्या."

"काहीतरीच काय, बाबा!" तिचा आवाज एकदम खाली आला. "तुम्हीही नका सांगू."

तिनं कोट काढून खुंटीला लावला, थर्मोकोलच्या खडकाला पाठ टेकली आणि सवयीनं दोन्ही मनगटं साखळ्यांत अडकवली.