टिटी आणि धनेश

कितीही चोळलं तरी संघर्षच्या कानामागचं पीठ निघत नव्हतं. आठ महिन्यांचं पोर. आठवडाभर बापाच्या पाठीवर बांधलेलं असायचं, चक्कीत. समता बुलढाण्याच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची अन्‌ शनिवारी जानेफळला यायची. आज मात्र संध्याकाळच्या गाडीनं ती त्याला सोबत नेणार होती. पिशवी भरून झाली होती.

त्याला पुसता पुसता तिनं परवाचा तास नवऱ्याला सांगितला. दक्षिण अमेरिकेतलं टिटी माकड. त्याचं पिल्लू आईकडे येतं ते दुधापुरतं, बाकी सगळा वेळ बापाच्या पाठीवर. अन्‌ आपल्याकडच्या जंगलातली धनेशाची मादी. ती झाडाच्या ढोलीत शिरून, फटीपुरती जागा ठेवून दार लिंपून घेते, पिल्लांपाशीच बसून राहते; नर फटीतून चारा भरवतो.

"म्हंजे मी माकड," प्रेमानंद हसला.

सासू, जनकाबाई, तूर पाखडत होती. या दोघींतली खरी माय कोणती, तिनं विचारलं. समतानं वर्गात दिलं होतं तेच उत्तर दिलं, शास्त्रात असं मोजत नाहीत.

"शास्त्रात नसतीन मोजत," जनकाबाई म्हणाली.

दुपारी दूध पिऊन झालं, तरी पोर झोपेना. समतानं थोपटलं, मांडी हलवली, गुणगुणून पाहिलं. ते दाराकडे बघून रडत होतं. प्रेमानंद दारात आला. त्याचे हात आपोआप पुढे झाले.

"नोका घेऊ," समता म्हणाली. "आता मलेच निजवा लागन."

तो गेला. थोड्या वेळानं पलीकडे चक्की सुरू झाली. दळण कुणाचंच नव्हतं. दगडावर दगड घासल्याचा कोरडा आवाज येत होता.

"रिकामी काऊन चालवून राह्यला बे?" जनकाबाईनं अंगणातून विचारलं. "दगड झिजतीन."

चक्की चालूच राहिली. संघर्षचे हुंदके लांबले, मूठ सैल पडली. आईच्या मांडीवर तो गाढ झोपला.

जनकाबाई उंबऱ्यापाशी आली. झोपलेल्या नातवाकडे पाहिलं. मग विचारलं, पण आता आवाजात टोमणा नव्हता.

"तिथं तुह्या खोलीपाशी चक्की हाय का, माय?"

समतानं नाही म्हणून मान हलवली. मांडी मात्र हलू दिली नाही.

"त्यायले म्हना," ती हळूच म्हणाली, "माह्या गाडीची वेळ होईलोक बंद नोका करू."