नव्या लेखकाचा पहिला अंक

महानायकानं चाळिसाव्या मजल्यावरून कॉलर धरून लोंबकळत ठेवलं होतं, तरी खलनायक गंधकराव निवांत होता. हा पठ्ठ्या कुणाचा जीव घेत नाही, हे इतक्या वर्षांच्या वैरात त्याला पक्कं ठाऊक झालं होतं.

"चल, घे आता वर. तुझी तत्त्वं आहेत ना!"

"ती जुन्या लेखकाची होती. आपलं कॉमिक आता दुसराच लिहितोय. त्याला पहिल्याच अंकात नाव काढायचंय."

गंधकरावाला दरदरून घाम फुटला. "अरे, म्हणजे मी कायमचाच गेलो की!"

"छे रे! त्याच्यानंतरचा लेखक तुला परत आणणार आहे. माझा सासरा म्हणून."

एवढं बोलून महानायकानं कॉलर सोडली आणि खाली वाकून अदबीनं ओरडला, "जपून पडा हो, सासरेबुवा!"