खुंटीवरची बंदूक

"ती खुंटीवरची दे," डेल्मर म्हणाला.

ऑर्फाने मान वर केली नाही. ती काउंटरवरच्या फडक्याची घडी घालत होती. "ती विकायची नाही. हॉबर्टची आहे."

"कुणाची आहे ते ठाऊक आहे मला."

बाहेर दरी धुक्याने काठोकाठ भरली होती. समोरचा डोंगर नव्हता, रस्ता नव्हता, फाटकावरची पाटीही नव्हती. वेस्ट व्हर्जिनियातली ती सगळी टेकाडं कुणीतरी उचलून नेली होती आणि घराची ही पुढची खोली तेवढी मागे राहिली होती. पडद्यापलीकडे स्वयंपाकघर, अलीकडे बंदुका. लग्न झाल्यापासून हे असंच. परवाना पहिल्यापासून ऑर्फाच्या नावावर होता, त्यामुळे मार्चमध्ये तिचा नवरा हॉबर्ट वारला तरी दुकान चालू राहिलं.

आणि चाललंही असं, की हॉबर्टचा विश्वास बसला नसता. हरणांच्या शिकारीचा हंगाम तोंडावर आला होता हे खरं. पण यंदा पोस्टातली मेव्हिस आली, पाद्रीबाबा आले, सशाला खडा न मारणारे शाळेतले मास्तर आले. ऑर्फा फोनवरून गिऱ्हाइकाची सरकारी चौकशी करायची, पलीकडून होकार यायचा आणि माणूस बंदूक काखोटीला मारून धुक्यात नाहीसा व्हायचा. आता भिंतीवर नुसत्या खुंट्या होत्या. एकीवर तेवढी हॉबर्टची बंदूक.

ऑर्फाला ते बरं वाटत होतं. घर हलकं होत होतं. हॉबर्टचे कोट वाटून झाले, गोधड्या भाचीकडे गेल्या, कुत्रा रविवारी डेल्मरकडे पोचवला. नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगचा सण येतो, त्याच्या आत सगळं आवरायचं असं तिने मनाशी ठरवलं होतं. ठरवल्यापासून तिला तान्ह्या मुलासारखी झोप लागायची. ती झोप दिवसाही शालीसारखी अंगावर असायची. चालताना कधी कधी पाय जमिनीला लागतात की नाही, तेही कळायचं नाही.

"कुत्रा कसा आहे?" तिने विचारलं.

"दारात बसून असतो. तुझ्या घराकडे तोंड करून."

"विसरेल."

"तू सांगितलंस म्हणून?" डेल्मरने कागदात गुंडाळलेलं काहीतरी काउंटरवर ठेवलं. "मेव्हिसने मक्याचा पाव पाठवलाय. गरम आहे तोवर खाऊन घे."

"ठेव तिथे. कालचाही आहे अजून."

"शेगडी पेटवली नाहीस आज?"

"डेल्मर, तू सरपण तपासायला आलायस की बंदूक घ्यायला?"

"बंदूक घ्यायला. किंमत सांग."

आता मात्र ऑर्फाने त्याच्याकडे नीट पाहिलं. चांगलं गिऱ्हाईक बंदूक खांद्याला लावून बघतं, नळीत डोकावतं, किमतीवरून हुज्जत घालतं. जो काहीच विचारत नाही, त्याला बंदूक द्यायची नाही, हे हॉबर्टने तिला पहिल्याच हिवाळ्यात शिकवलं होतं. हॉबर्ट म्हणायचा, कायदा हो म्हणाला तरी आपल्याला नाही म्हणता येतं. डेल्मरने तर बंदुकीला अजून हातही लावला नव्हता. मधमाशा पाळणारा माणूस, जन्मात कधी चाप ओढलेला नाही. बायको, नेट्टी, गेल्यापासून वरच्या वळणावर एकटाच राहतो. टोपी मांडीवर धरून तिची कड एकसारखी फिरवत बसला होता.

आज याच्या हाती बंदूक पडली, तर उद्या याच्या दारात शेरीफची गाडी उभी राहील.

"तुला कशाला हवी रे?"

"हंगाम आलाय."

"मधमाशांचा? डंख मारला म्हणून गोळ्या घालणार का त्यांना?"

एरवी तो खो खो हसला असता. "दुप्पट देतो," तो म्हणाला.

"नाही."

"मग तशीच दे, फुकट."

"अरे, वेड लागलंय का तुला?"

"लागलंय म्हण. पण दे."

खिडकीला धुकं येऊन टेकलं होतं. ऑर्फा काउंटरला वळसा घालून आली आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसली. किती दिवसांत ती कुणाच्या इतकी जवळ बसली नव्हती.

"आपल्या खोऱ्यातली रीत ठाऊक आहे ना तुला?" ती हळूच म्हणाली.

रीत सगळ्यांनाच ठाऊक होती. कुणाच्या घरात मरण झालं, कुणाची नोकरी गेली, कुणी दिवसभर भिंतीकडे बघत बसायला लागलं, की घरातलं किंवा शेजारचं माणूस त्याच्या बंदुका उचलून या दुकानात आणून ठेवायचं. हॉबर्ट कधी कारण विचारायचा नाही. बंदुका तिजोरीत निजायच्या आणि दिवस पालटले की आपल्या घरी परत जायच्या.

"नेट्टीशिवाय जीव नकोसा झाला असेल, तर त्यात लाज कसली?" ऑर्फा म्हणाली. "रोज येऊन बैस इथे. बोल, रड, शिव्या घाल मला. पण बंदूक मागू नकोस. ज्याचे दिवस वाईट चाललेत त्याच्या घरात ती ठेवायची नसते, डेल्मर."

"तेच तर."

तो उठला, भिंतीपाशी गेला आणि खुंटीवरची बंदूक त्याने दोन्ही हातांनी उतरवली. झोपलेलं मूल उचलावं तशी, नळी जमिनीकडे करून. मग तिच्याकडे न बघताच बोलू लागला.

"मेव्हिसची तिच्या पलंगाखाली आहे. पाद्रीबाबांची चर्चच्या तळघरात. मास्तरांनी तर खोकंसुद्धा फोडलेलं नाही. वसंतात सगळ्या तुला परत आणून देऊ, ऑर्फा. ही एवढीच राहिली होती."