वळणावरची चूक

“हलका गिअर चढाच्या आधी टाकायचा, चढात नाही.” सासऱ्यांनी फाटकातून ओरडून सांगितलं, पण तोवर पहिल्या वळणावर सुनेच्या सायकलची चेन उतरली होती. तिनं हात काळे करून ती बसवली आणि सायकल ढकलत परत आली. सासऱ्यांनी कपाळाला हात लावला.

हंगामातली पहिली शर्यत थंडी संपताना असायची. टेकडीच्या पायथ्यापासून वरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत नुसता चढ. घर पायथ्याशीच होतं. सासऱ्यांनी तरुणपणी ही शर्यत दोनदा जिंकली होती, आणि पुढे शाळेत खेळ शिकवताना पोरांच्या दोन पिढ्यांना त्याच चढावर रडवलं होतं. आता मात्र हृदयाचं ऑपरेशन झाल्यापासून ते खिडकीतल्या खुर्चीला चिकटले ते चिकटलेच. रोज चाला, हळूहळू चढही चढा, नाहीतर एवढं केलेलं वाया जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सासूबाईंनी विनवण्या केल्या, मुलानं भांडून पाहिलं. चालायचं तेवढं आयुष्यात चालून झालं, हे त्यांचं उत्तर ठरलेलं. खरं म्हणजे ते घाबरले होते. जरा धाप लागली की हात छातीवर जायचा. घरात सगळ्यांना ते दिसायचं, बोलत कुणी नव्हतं.

त्यात सुनेनं शर्यतीत नाव दिलं. चष्म्याच्या दुकानात दिवसभर काचा घासणारी बाई, सायकल चालवायची ती भाजी आणण्यापुरती. दुकानातल्या मैत्रिणीशी पैज लागली म्हणाली. सासूबाई हसल्या. सासऱ्यांना हसू आलं नाही. आपल्या घरातलं माणूस भर शर्यतीत सायकल ढकलत चढणार आणि सगळं गाव ते बघणार, ही कल्पनाच त्यांना सोसवेना.

सुरुवातीला फाटकातून ओरडून भागलं. पहिलं वळण जमलं, तशी ती दुसऱ्यावर अडायला लागली. ते फाटकातून दिसत नव्हतं. काय चुकतं ते मला कळत नाही, बघणारं कुणीतरी हवं, असं तिनं दोन-तीनदा बोलून दाखवलं. स्कूटर मुलगा कामावर न्यायचा. शेवटी सासऱ्यांनी काठी घेतली आणि थांबत, बसत, तोंडानं पुटपुटत दुसरं वळण गाठलं. सून सीटवरून नको तिथं उठत होती. एवढीशी गोष्ट. त्यांनी तिथंच उभं राहून ती घोटून घेतली.

दुसरं सुटलं तर तिसरं. तिथं ती हँडल आवळून धरायची. चौथ्यावर मान खाली घालून पुढच्या चाकाकडे बघत बसायची. पालथ्या घड्यावर पाणी, असं सासरे रोज म्हणायचे आणि रोज आणखी थोडं वर जायचे. इतकी मठ्ठ विद्यार्थिनी आपल्याला उभ्या जन्मात भेटली नाही, असं ते घरी येऊन जाहीर करायचे. मग पोटभर जेवायचे आणि गाढ झोपायचे.

शर्यतीच्या दिवशी रस्ता गाड्यांना बंद होता. बघणाऱ्यांनी चालतच वर जायचं. सासूबाई वाटेतल्या बाकांवर दोनदा टेकल्या. सासऱ्यांना टेकायला वेळ नव्हता. ही बया शेवटच्या वळणावर काय घोळ घालते, ते त्यांना टाकीपाशी उभं राहून बघायचं होतं. काठी घरीच राहिली, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

टाकीपासून सगळा रस्ता दिसत होता. सून मधल्या घोळक्यात होती. गिअर वेळेवर, मान वर, हात सैल. एकामागून एक वळणं तिनं मागं टाकली. शेवटच्या वळणावर तर तिनं काल संध्याकाळीच चेन पाडली होती. आज तिथूनही ती तीन जणींना मागं टाकत सरळ वर आली.

सासऱ्यांना फार आनंद झाला. पण मास्तरांचाच जीव तो, शंका आल्याशिवाय राहीना. सून रेषेपलीकडे थांबली, तसे ते तिच्यापाशी गेले.

“इतके दिवस प्रत्येक वळणावर अडत होतीस,” ते म्हणाले. “आज एकही चूक नाही. असं कसं?”

ती हँडलवर रेलून धापा टाकत होती. तिनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. त्यांना धाप लागलेली नव्हती.

“आता कशाला चुकू, बाबा? तुम्ही वर पोचलात ना.”